मेंदू : जाळं की जंगल?

‘मज्जा’ हा शब्द ऐकला की मुलांना सुट्टी आठवते आणि डॉक्टरांना पाठीचा कणा. पहिली मज्जा म्हणजे फारसीतून आलेली मजाच, जरा जोर देऊन उच्चारलेली. दुसरी संस्कृतातली, हाडाच्या पोकळीत असणारी. या दुसऱ्या मज्जेची एक बहीण फारसीत आहे. तिचं नाव ‘मग्ज’. मराठीनं तिचा ‘मगज’ केला. टरबुजाच्या बियांचा मगज आपण मिठाईत घालतो आणि डोकं शिणवणाऱ्या कामाला मगजमारी म्हणतो. आमच्या घरात दखनी बोलली जाते. तिथं पोरांनी फार भंडावलं की आजही ‘मगज नक्को खाव’ असं ऐकू येतं. भाषेचे अभ्यासक सांगतात की मज्जा आणि मग्ज ही एकाच पुरातन शब्दाची लेकरं आहेत. अरबीतल्या ‘मुख्ख’ या शब्दाचेही मेंदू आणि हाडातला गर असे दोन्ही अर्थ होतात.

हाडातला गर, बीतला गर आणि कवटीतला गर. माणसानं या तिघांना जवळजवळ एकच नाव दिलं, कारण डोळ्यांना तेवढंच दिसत होतं. हृदय धडधडताना हाताला लागतं, छाती वरखाली होते, पोटात गुरगुरतं. मेंदू मात्र काहीच करताना दिसत नाही. कवटीत एक मऊ, राखाडी-पांढरट गोळा गप्प बसलेला असतो. या गोळ्यात काय चालतं, तो कशाचा बनलेला आहे, हे कळायला माणसाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला. आणि अखेर ज्या माणसानं ते दाखवण्याची युक्ती शोधली, त्यालाच ते मान्य झालं नाही. आज सांगायची आहे ती ही गोष्ट.

सुरुवात ग्रीसपासून करावी लागते. ॲरिस्टॉटलला, म्हणजे उर्दूतल्या अरस्तूला, वाटत होतं की माणसाचं जाणणं-समजणं हृदयात होतं आणि मेंदू रक्ताची ऊब कमी करायला आहे. आपण हसू नये. काळीज तुटतं, काळजाला घर पडतं, मनावर दगड ठेवावा लागतो, आणि हे सांगताना आपला हात अजून छातीवरच जातो. आम्ही कवी मंडळी तर अजून अरस्तूच्याच पक्षात आहोत. त्याचं म्हणणं खोडून काढलं गॅलननं. युनानी हकीम त्याला जालिनूस म्हणतात. इसवी सन १२९ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गामम इथं जन्मलेला हा वैद्य आधी ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधत असे, पुढं रोमला गेला. तिथं त्यानं लोकांसमोर एक प्रयोग करून दाखवला. डुकराच्या गळ्याजवळून स्वरयंत्राकडे जाणाऱ्या बारीक नसा त्यानं दोऱ्यानं बांधल्या. डुक्कर धडपडत राहिलं, पण त्याचं ओरडणं थांबलं. आवाज छातीतल्या हृदयातून येतो असं मानणाऱ्यांना हे उत्तर होतं. त्या नसा मेंदूकडून आलेल्या होत्या. हुकूम वरून येत होता.

गॅलनची पुस्तकं नवव्या शतकात बगदादला हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती विद्वानानं सिरियाक आणि अरबी भाषांत आणली. त्यानंतरची काही शतकं या विषयाचा संसार अरबी-फारसीत झाला. बसऱ्याचा इब्न अल-हैसम दृष्टीचा अभ्यासक होता. त्याच्या ग्रंथाची १०८३ साली केलेली एक नक्कल इस्तंबूलमध्ये आहे. तीत दोन डोळे, त्यांच्यामधलं नाक, डोळ्यांमागून निघून एकमेकींना मिळणाऱ्या आणि पुन्हा फुटून मेंदूकडे जाणाऱ्या दोन नसा असं चित्र काढलेलं आहे. मज्जासंस्थेच्या एखाद्या भागाची जी चित्रं आज उपलब्ध आहेत, त्यांत हे फार जुनं. चौदाव्या शतकाच्या शेवटी शिराझच्या मन्सूर इब्न इल्यासनं फारसीत शरीररचनेचं पुस्तक लिहिलं. त्यात अख्ख्या शरीरातल्या नसांचं स्वतंत्र चित्र आहे. मान मागं टाकलेला तो मनुष्य आणि त्याच्या कण्यातून जोडीजोडीनं निघालेल्या रेषा पाहिल्या, की चित्रकाराला वाट सापडली होती हे कळतं.

बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या इब्न सीनाचा ‘कानून’ तर हिंदुस्थानातल्या हकिमांच्या अभ्यासात शतकानुशतकं होता. त्यात नसांना ‘असब’ म्हटलं आहे. उर्दूतला ‘आसाब’ हा शब्द त्याचंच अनेकवचन. संवेदना आणि हालचाल नसांमधून जाते, हे इब्न सीना स्वच्छ सांगतो. पण मन मेंदूत नेमकं कुठं, याचं उत्तर गॅलननंतरच्या लोकांनी मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये शोधलं होतं, आणि तेच पुढं चालत आलं. पुढच्या पोकळीत इंद्रियांच्या वार्ता गोळा होतात, मधल्या पोकळीत विचार, मागच्या पोकळीत स्मृती. आपल्या पूर्वसूरींचं कौतुक करताना हेही सांगितलं पाहिजे, की त्यांची नजर खोलीवर होती, भिंतीवर नव्हती. खरं काम भिंतीत चाललं होतं.

इथं थोडं थांबून हे सारं शरीरात कसं बसवलेलं आहे ते पाहू. प्रौढ माणसाचा मेंदू साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅम वजनाचा असतो. वर सुरकुत्यांचा मोठा मेंदू. त्याच्या मागं खाली मुठीत मावेल एवढा लहान मेंदू, जो तोल आणि हालचालींची सफाई सांभाळतो. आणि देठासारखा मेंदूचा खोडभाग, जिथून श्वास आणि हृदयाचा ताल चालतो. या देठाचंच खालचं शेपूट म्हणजे मज्जारज्जू. हा करंगळीच्या जाडीचा, जेमतेम दीड फूट लांबीचा गोफ पाठीच्या मणक्यांच्या नळीत सुरक्षित असतो. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात आणि डोळे, कान, जीभ, चेहरा यांच्याकडे जातात. मज्जारज्जूतून एकतीस जोड्या निघतात आणि बाकीच्या शरीरभर पसरतात. बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि हिलाही. पण या नसेत रक्त वाहत नाही. टेलिफोनच्या जाड केबलीत जशा अनेक तारा असतात, तसे तिच्यात हजारो धागे असतात. काही धागे बातमी आत आणतात, काही हुकूम बाहेर नेतात.

तापलेल्या तव्याला बोट लागलं, तर हात मागं घेण्याचा निर्णय मज्जारज्जू परस्पर घेतो. मेंदूला बातमी नंतर पोचते, तेव्हा आपण ‘आई गं’ म्हणतो. जेवण पचवणं, घाम आणणं, डोळ्याची बाहुली लहानमोठी करणं ही खाती तर आपल्याला न विचारताच चालतात.

ही सगळी वाटांची माहिती चाकूनं मिळाली. १५४३ साली व्हेसॅलियसनं शरीररचनेचा आपला सचित्र ग्रंथ छापला, त्यात मेंदूचे एकावर एक थर उतरवून दाखवले होते. पण चाकू रस्ते दाखवतो; रस्त्यावरून कोण जातं ते दाखवत नाही. नसांमधून एखादा सूक्ष्म वारा किंवा रस वाहतो, अशी समजूत अठराव्या शतकापर्यंत टिकली. मग इटलीतल्या बोलोन्या शहरात गॅल्व्हानीनं मेलेल्या बेडकाची तंगडी विजेनं उडते हे पाहिलं आणि १७९१ साली ते प्रसिद्ध केलं. नसेचा आणि विजेचा संबंध आहे हे कळल्यावर लोकांना वाटलं, म्हणजे निरोप क्षणात पोचत असणार. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं बेडकाच्या नसेतला वेग मोजला. तो निघाला सेकंदाला साधारण सत्तावीस मीटर. धावत्या एक्सप्रेस गाडीएवढाच! माणसाच्या शरीरात काही धागे सेकंदाला शंभर मीटरपर्यंत निरोप नेतात, तर दुखण्याची बातमी आणणारे काही धागे सेकंदाला मीटरभरच जातात. उंबरठ्याला अंगठा ठेचकाळला, की आधी ‘लागलं’ हे कळतं आणि मग कळ येते, त्याचं कारण हेच.

आता प्रश्न उरला तो त्या गराचाच. १८३८-३९ मध्ये श्लायडन आणि श्वान या दोघा जर्मनांनी सांगितलं की झाडं आणि प्राणी पेशींचे बनलेले असतात. त्वचा पेशींची, यकृत पेशींचं. मग मेंदूही पेशींचा असणार. पुर्किन्येला १८३७ मध्येच लहान मेंदूत सुरईसारख्या मोठ्या पेशी दिसल्या होत्या. तरण्या वयात वारलेल्या डायटर्सचं काम १८६५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात पेशीतून अनेक आखूड फांद्या आणि एक लांब धागा निघतो, इथवर नोंद होती. पण ते धागे पुढं जातात कुठं आणि संपतात कुठं, हे कुणाला दिसेना.

कारण अगदी साधं होतं. ज्यांनी पावसाळ्यात सह्याद्रीत करवंदांची जाळी पाहिली आहे, त्यांना ते चटकन कळेल. दहा झुडपं एकमेकांत अशी घुसलेली असतात की कुठली फांदी कुणाची, ते सांगता येत नाही. मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली तसाच दिसे. रंग दिला तर सगळंच रंगे, नाही दिला तर काहीच दिसत नसे. म्हणून त्या काळच्या बहुतेक जाणकारांनी ठरवलं, की ही वेगळी झुडपं नाहीतच. हे एक सलग जाळं आहे. सगळे धागे एकमेकांत मिसळलेले आहेत.

याच वेळी इटलीत कामिल्लो गॉल्जी नावाचा तरुण डॉक्टर मिलानजवळच्या अब्बियातेग्रासो या गावी, बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या रुग्णालयात नोकरीला होता. संशोधनाची सोय तिथं कुठून असणार? त्यानं स्वयंपाकघरातच प्रयोगशाळा थाटली. मेंदूचे तुकडे तो पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवून घट्ट करी आणि मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवी. १८७३ मध्ये त्याला हवं ते मिळालं. पिवळसर पार्श्वभूमीवर एखादीच पेशी काळीभोर होऊन उठून दिसली, मुळापासून शेंड्यापर्यंत, बारीकसारीक फांदीसकट. या रंगाची खुबी अशी की तो शंभरातल्या थोड्याच पेशींना धरतो आणि बाकीच्यांना सोडून देतो. सोडतो म्हणूनच दिसतं. करवंदीच्या जाळीतलं एकच झुडूप काळं व्हावं आणि बाकीची जाळी काचेची व्हावी, तसं.

गॉल्जीनं पाहिलं, चित्रं काढली, लिहिलं. आणि निष्कर्ष काढला की हे जाळंच आहे. आखूड फांद्या मोकळ्या टोकांनी संपतात हे त्याला दिसलं होतं. पण लांब धागे मात्र पुढं एकमेकांत मिसळून जातात, असं त्याचं मत झालं.

चौदा वर्षं गेली. स्पेनमध्ये सान्तियागो रामोन इ काहाल नावाचा एक प्राध्यापक होता. १८५२ साली एका खेड्यात जन्मलेला. लहानपणी याला चित्रकार व्हायचं होतं आणि बापाला ते मुळीच पसंत नव्हतं. बाप डॉक्टर. पोरगा शाळेत टिकेना, म्हणून बापानं त्याला आधी एका न्हाव्याच्या दुकानात आणि मग जोडे शिवणाऱ्याकडे कामाला लावलं. शेवटी बापानंच वाट काढली. दोघं जुन्या कबरस्तानात जाऊन हाडं गोळा करत आणि मुलगा त्यांची चित्रं काढी. त्या हाडांनी त्याला शरीरशास्त्राकडे ओढलं. पुढं लष्करी डॉक्टर म्हणून क्युबाला जाऊन तो हिवतापानं खंगून परतला. स्वतःच्या पैशानं सूक्ष्मदर्शक घेतला. १८८७ मध्ये माद्रिदला एका स्नेह्याकडे त्यानं गॉल्जीच्या पद्धतीनं रंगवलेला मेंदूचा काप पाहिला. पद्धत चौदा वर्षं उपलब्ध होती. पण ती लहरी होती, कधी रंग धरी, कधी न धरी, म्हणून फारसं कुणी तिच्या वाटेला जात नव्हतं.

काहालनं दोन गोष्टी केल्या. रंग देण्याची क्रिया त्यानं पुन्हा पुन्हा केली, म्हणजे तो नीट धरला. आणि मोठ्या प्राण्यांचे मेंदू सोडून त्यानं पक्ष्यांची पिल्लं आणि गर्भ घेतले. वाढलेल्या जंगलात वाट सापडत नसेल तर रोपवाटिकेत जावं, हा त्यामागचा विचार. कोवळ्या वयात धाग्यांवर चरबीचं वेष्टन चढलेलं नसतं आणि फांद्याही कमी असतात. मे १८८८ मध्ये त्यानं स्वतःच्या खर्चानं काढलेल्या नियतकालिकात पक्ष्यांच्या लहान मेंदूविषयी लिहिलं. त्याच्या म्हणण्याचं सार असं : लांब धागेही मोकळ्या टोकांनीच संपतात. ते दुसऱ्या पेशीला जाऊन बिलगतात, तिच्याभोवती टोपलीसारखे विणले जातात, पण तिच्यात मिसळत नाहीत. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. हे जाळं नाही. हे जंगल आहे, आणि त्यातलं प्रत्येक झाड आपल्या मुळांवर उभं आहे.

स्पॅनिश भाषेतलं ते नियतकालिक वाचणार कोण? काहाल १८८९ मध्ये आपल्या काचपट्ट्या घेऊन बर्लिनला शरीररचनाशास्त्रज्ञांच्या सभेला गेला. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत त्यानं आपला सूक्ष्मदर्शक मांडला. कोलिकर हा त्या काळचा बुजुर्ग जर्मन शास्त्रज्ञ आधी जाळ्याच्या पक्षाचा होता. त्यानं डोळा लावून पाहिलं आणि आपलं मत बदललं. काहालचे लेख वाचता यावेत म्हणून सत्तरी ओलांडलेल्या या माणसानं पुढं स्पॅनिश शिकायला घेतली. १८९१ मध्ये वाल्डायर या दुसऱ्या जर्मनानं या स्वतंत्र पेशीला नाव दिलं ‘न्यूरॉन’. आपल्या शाळेच्या पुस्तकांत ती चेतापेशी झाली. पेशीचा देह, त्यातून निघालेल्या आखूड फांद्या म्हणजे वृक्षिका, आणि एक लांब धागा म्हणजे अक्षतंतू. वृक्षिका ऐकतात, अक्षतंतू सांगतो. निरोप एकाच दिशेनं जातो, हेही काहालनं पेशींची ठेवण पाहूनच ताडलं. कमरेतल्या मज्जारज्जूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचणारा अक्षतंतू मीटरभर लांब असतो. एका पेशीचा एक धागा!

१९०६ साली नोबेल पारितोषिक गॉल्जी आणि काहाल या दोघांना मिळून देण्यात आलं. तोवर दोघांची गाठ पडलेली नव्हती. स्टॉकहोमला ११ डिसेंबरला गॉल्जी बोलायला उभा राहिला, आणि त्यानं विषयच घेतला न्यूरॉनच्या सिद्धांताचा. तो सिद्धांत आता मागं पडतो आहे, असं तो भर सभेत म्हणाला. दुसऱ्या दिवशी काहालनं त्याच सिद्धांताच्या बाजूचे पुरावे एकामागून एक मांडले. एकाच कामासाठी एकाच मंचावर सन्मान घेणारी ही दोन माणसं, त्या कामाचा अर्थ काय यावर एकमेकांच्या अगदी विरुद्ध बोलली. काहालनं आत्मचरित्रात या जोडीबद्दलचा आपला खेद लिहून ठेवला आहे.

गॉल्जीला हट्टी म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण त्याची अडचण खरी होती. आपल्याला जग एकसंध जाणवतं. मोगरा पाहतो, हुंगतो, त्याचं नाव आठवतो, तो कुणी माळला होता तेही आठवतं, हे सगळं एका क्षणात. तुटक तुटक पेशींमधून हा एकसंधपणा कसा येईल, हा त्याचा प्रश्न होता आणि त्याचं पुरतं उत्तर विज्ञान आजही शोधतं आहे. शिवाय दोन पेशींमधली फट काहालनंही पाहिलेली नव्हती. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाला ती दिसणं शक्यच नव्हतं. फरक एवढाच की काहालनं पुराव्याचा कल जिकडे होता तिकडे पाऊल टाकलं. गॉल्जीनं आपल्या विचाराला जे हवं होतं ते आपल्याच काचपट्टीवर पाहिलं. गॉल्जी १९२६ मध्ये वारला, तेव्हाही त्याचं मत तेच होतं.

त्या फटीला नाव मिळालं १८९७ मध्ये, शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाकडून : ‘सायनॅप्स’. मूळ ग्रीक अर्थ एकमेकांना धरणं. विद्युत् सूक्ष्मदर्शक आल्यावर १९५०च्या दशकात ती प्रत्यक्ष दिसली. एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातला एक भाग, साधारण एवढी तिची रुंदी.

एवढ्याशा फटीतून निरोप पलीकडे जातो कसा? त्याचा पुरावा ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ओटो लोवी यानं १९२१ मध्ये दिला. प्रयोगाची कल्पना त्याला झोपेत सुचली असं तो सांगे. पहिल्या रात्री खरडलेलं सकाळी स्वतःलाच वाचता येईना, म्हणून दुसऱ्या रात्री जाग येताच तो सरळ प्रयोगशाळेत गेला. दोन बेडकांची धडकती हृदयं त्यानं वेगवेगळ्या भांड्यांत ठेवली. पहिल्या हृदयाची नस चेतवून त्याची गती मंद केली आणि त्या भांड्यातलं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं. दुसरंही मंद झालं! त्याला तर कुणी हातही लावला नव्हता. म्हणजे नसेच्या टोकातून काही रसायन पाझरतं आणि तेच निरोप पोचवतं. अक्षतंतूतून वीज येते, फटीपाशी तिचं रसायन होतं, पलीकडच्या पेशीवर त्या रसायनासाठी घडवलेली कुलपं असतात. किल्ली बसली की पलीकडे पुन्हा विजेची हालचाल.

हा नुसता पुस्तकी वाद होता असं कुणाला वाटेल, तर त्यांना कोकणात न्यावं लागेल. लाल विंचवाच्या दंशानं तिथं मुलं आणि मोठी माणसं दगावत असत. या विंचवाचं विष नसांच्या धाग्यांवरची दारं उघडी ठेवतं. नसा थांबायचं नावच घेत नाहीत आणि त्यांच्या टोकांशी रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर असह्य भार येतो, फुप्फुसात पाणी भरतं. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसीन हे औषध या रुग्णांना देऊन पाहिलं. त्यांचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्राझोसीन काय करतं? पलीकडच्या पेशीवरची ती कुलपं आधीच अडवून धरतं. पूर येतो, पण दार बंद असतं. या उपचारानं विंचूदंशाचे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात कमी झाले. मेंदू आणि नसा हे सलग जाळं असतं, तर मध्ये हात घालायला जागाच नसती. नैराश्यावरची, फेफऱ्यावरची, कंपवातावरची कितीतरी औषधं याच फटीपाशी काम करतात.

जंगलात नुसती झाडं नसतात, तसं मेंदूतही चेतापेशींखेरीज इतर पेशी असतात. एकोणिसाव्या शतकात फिरशॉनं त्यांना ‘ग्लिया’ म्हणजे डिंक म्हटलं, कारण त्या नुसत्या मधल्या जागा भरतात असं वाटलं होतं. पण काही खतपाणी पाहतात, काही केरकचरा काढतात, काही अक्षतंतूवर चरबीचं वेष्टन गुंडाळतात, म्हणून निरोप वेगानं धावतो. मेंदूबाहेरच्या नसांमध्ये हे गुंडाळण्याचं काम करणाऱ्या पेशींना श्वानचं नाव आहे. कुष्ठरोगाचा जंतू नेमका यांच्यातच घर करतो. तो जंतू हान्सेननं नॉर्वेत शोधला तोही १८७३ मध्येच, गॉल्जीच्याच वर्षी. बोटं रोगानं झडतात अशी समजूत होती. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की नसा मुक्या झाल्यामुळे भाजलेलं, कापलेलं कळत नाही आणि जखमा वाढत जातात. वेदना ही किती मोलाची बातमी आहे, हे तिथं कळतं. हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. वेळेत औषध घेतलं तर नसाही वाचतात.

मेंदूत एकूण झाडं किती? शंभर अब्ज, म्हणजे दहा हजार कोटी, असा आकडा पुस्तकांतून वर्षानुवर्षं छापला जात होता. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हौझेल यांनी मेंदूच्या ऊतींचा रस करून त्यातली पेशीकेंद्रं मोजण्याची पद्धत काढली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा आहे सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आणि जवळजवळ तितक्याच इतर पेशी. गंमत अशी की त्यांतल्या ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत आहेत.

आणि गॉल्जी? तो अगदीच चुकला असंही इतिहासानं ठेवलं नाही. काही पेशींमध्ये बारीक नळ्यांसारखी थेट जोडणी असते आणि वीज सरळ पलीकडे जाते, हे १९५०च्या दशकाअखेर आधी झिंग्यासारख्या एका गोड्या पाण्यातल्या प्राण्यात सापडलं. आपल्या मेंदूतही अशा जागा आहेत. २०२३ मध्ये तर कोम जेली नावाच्या काचेसारख्या पारदर्शक सागरी जीवात, त्याच्या पिल्लांच्या त्वचेखाली, खरोखरच सलग मिसळलेल्या चेतापेशींचं जाळं असल्याचं विद्युत् सूक्ष्मदर्शकानं दाखवलं. गॉल्जीला हवं होतं ते जाळं निसर्गात होतं. माणसाच्या डोक्यात मात्र, जवळजवळ सगळीकडे, काहाल म्हणतो तसं जंगल आहे.

काहालनं हातानं काढलेल्या पेशींच्या चित्रांना २०१७ मध्ये युनेस्कोनं जागतिक स्मृतिसंचयात जागा दिली. बापाला नको असलेली चित्रकला शेवटी अशी उपयोगी पडली. आणि जगभरच्या प्रयोगशाळांत आजही एखाद्या विद्यार्थ्याला एकच चेतापेशी मुळापासून शेंड्यापर्यंत पाहायची असते, तेव्हा तो गॉल्जीचा काळा रंग वापरतो. पिवळसर काचपट्टीवर काळं झाड उगवतं. ते दिसतं गॉल्जीमुळे, आणि ते एकटं उभं आहे हे कळतं काहालमुळे. आयुष्यभर ज्यांचं एकमेकांशी पटलं नाही, त्या दोघांचं काम त्या एका काचपट्टीवर शेजारी शेजारी असतं.